वाचकांचे प्रश्न : कोळशाचा छोटा स्मोकर

मागच्या अंकात कोळशाच्या छोट्या स्मोकरवर मी चार ओळी लिहिल्या, त्यावर खानापूर, निपाणी, चिकोडी, लोंढा अशी सगळीकडून पत्रं आली. हे काय प्रकरण आहे असं ज्यांनी विचारलंय, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. सव्वा फूट रुंदीचं, उभं, पत्र्याचं नळकांडं. तळाशी कोळशाचं ताट, मध्ये पाण्याचं पातेलं, वर एकाखाली एक दोन जाळ्या आणि त्यावर घुमटासारखं झाकण. झाकणावर आच दाखवणारा काटा, वर एक आणि खाली तीन हवेच्या झडपा. तीन तुकडे सुटे होतात, गाडीच्या डिकीत मावतात. निखाऱ्यावर धरून भाजायचं हे यंत्रच नव्हे. मांस पाण्याच्या पातेल्याआड राहतं आणि १०५ ते १३५ अंशांच्या गरम हवेत, धुरात, तासन्तास शिजतं. सळईवरच्या कबाबालाही आपण बार्बेक्यू म्हणतो, पण अमेरिकेत दक्षिणेकडे बार्बेक्यू म्हणतात तो हा.

मी ३१ वर्षं बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीवर काढली. स्वयंपाक नंतर शिकलो, विस्तव आधी. उत्तरं त्याच अंगानं येतील.

काका, आत्तेभावानं दुबईहून छोटा स्मोकर आणला. दोनदा कोंबडी लावली. पहिल्यांदा सगळा कोळसा लालबुंद करून घातला, तासाभरात काटा १९० वर. कोंबडी बाहेरून काळी, हाडापाशी कच्ची. दुसऱ्यांदा भीतीनं सगळी भोकं बंद केली तर विस्तवच विझला. मधूनमधून झाकण उघडून बघत होतो. कोळसा इस्त्रीवाल्याकडचा, चांगला होता. काय चुकतंय? (एक वाचक, खानापूर)

मुलाच्या वयाचा आहेस म्हणून तू म्हणतो. कोळसा चुकला नाही, वारा चुकला. भट्टीवर पहिल्या दिवशी उस्तादानं मला कोकच्या ढिगापाशी नाही, ब्लोअरच्या झडपेपाशी उभं केलं होतं. कोळसा किती घातला यावर विस्तव किती वेळ टिकणार ते ठरतं. तो किती तापणार, हे वारा ठरवतो.

आता रचना बघ. न पेटलेला दीड-दोन किलो कोळसा ताटात नीट रच. मोठे तुकडे खाली, लिंबाएवढे वर. चुरा चाळून बाजूला काढ, त्यानं हवा अडते. मधोमध ओंजळीएवढा खळगा ठेव. पत्र्याच्या डब्याचं झाकण काढून बुडाला भोकं पाडलीस की कोळसा पेटवायची चिमणी तयार. तिच्यात फक्त दहा-बारा तुकडे पेटव. खाली वर्तमानपत्राचे दोन बोळे पुरतात. रॉकेलचा थेंबही नको, त्याचा वास शेवटच्या घासापर्यंत पाठ सोडत नाही. तुकड्यांच्या कडा पांढुरक्या झाल्या की ते त्या खळग्यात सोड. विस्तव आता शेजारच्या कोळशाला एकेक करून लागत जातो आणि पाच तास पुरतो. अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या जिम मिनियन यांच्या नावानं ही पद्धत ओळखतात. पण आपल्या आयांनी भुशाची शेगडी अशीच चालवली की. मध्ये भोक, भोकात विस्तव आणि भोवती ठासलेला भुसा दुपारपर्यंत धुमसत राहायचा.

झडपांचं सांगतो. वरची झडप शेवटपर्यंत सताड उघडी. तू ती बंद केलीस तिथंच विस्तवाचा गळा आवळला गेला. आणि विझला नसता, तरी आत कोंडलेल्या धुरानं कोंबडी कडू झाली असती. आच सांभाळायची ती खालच्या तीन झडपांनी. सुरुवातीला तिन्ही उघड्या. काटा ९५ वर आला की प्रत्येक झडप पाव भाग उघडी राहील इतकी मिट. मग काटा सावकाश चढून ११५-१२० ला बसतो. तो १२० ला पोचल्यावर मिटायला गेलास तर उशीर झाला. तोवर पेटलेला कोळसा वारा तोडल्यावरही बराच वेळ उष्णता देत राहतो. झडप हलवली की पंधरा मिनिटं हात बांधून बसायचं, मगच दुसऱ्यांदा हात लावायचा. खानापूरला पश्चिमेचा वारा सुटला की त्या बाजूची झडप पूर्ण बंद ठेव आणि उरलेल्या दोनांवर काम भागव.

आणि झाकण उघडू नकोस. उघडलंस की साठलेली उष्णता जाते, ती परत भरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. शिवाय निखाऱ्यांना भसकन वारा मिळतो, झाकण ठेवल्यावर काटा उसळतो आणि तू घाबरून झडपा मिटतोस. तुझ्या दोन्ही वेळच्या घोळात हे असणारच.

कोंबडीला मात्र ११० ची आच कमी पडते, चामडी रबरासारखी राहते. पाणी निम्मंच घाल आणि काटा १३०-१४० वर ठेव. सव्वा किलोची कोंबडी चामडीसकट माग. आपल्याकडे दुकानदार विचारायच्या आत सोलून देतात, म्हणून आधीच सांग. कात्रीनं पाठीचा कणा कापून काढ, छातीवर तळहात दाबून ती चपटी कर. किलोला १५ ग्रॅम मीठ आदल्या रात्री चोळून फ्रिजमध्ये ठेव. सकाळी संकेश्वरी मिरचीचं तिखट आणि आलं-लसूण लाव. शेवटच्या वीस मिनिटांत गुळाचं पाणी ब्रशनं फिरव. या आचेला गूळ जळत नाही, तांबूस चकाकी येते. साधारण दीड तास लागेल, पण घड्याळावर जाऊ नकोस. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपस. ७४ अंश दिसले की झाली. धुरामुळे मांसाला कडेनं गुलाबी छटा येते, ती कच्चेपणाची नव्हे. शंका आली तर डोळ्यांपेक्षा काट्यावर भरवसा ठेव.

माझं माहेर चंदगडकडचं. तिथं काजूच्या कारखान्यातून टरफलं पोत्यानं मिळतात, धुरासाठी चालतील का? परसात पेरू, आंबा आणि नीलगिरी आहे. लाकूड भिजवून घालायचं असंही ऐकलं. (एक गृहिणी, निपाणी)

काजूचं टरफल अजिबात नको, ताई. हे उत्तर मी सगळ्यांत आधी लिहायला घेतलं होतं, कारण तुमच्याकडं पोतं आधीच येऊन पडलं असेल अशी धास्ती वाटली. काजूच्या टरफलात, दोन सालींच्या मध्ये, काळसर चिकट तेल असतं. ते बिब्ब्याच्या तेलाचं भावंड. बिब्बा उततो, तसं हेही अंगावर उततं. तुम्ही माहेरी पाहिलं असेल, काजू फोडणाऱ्या बायका हाताला तेल नाहीतर राख चोळूनच कामाला बसतात. तेच तेल जाळून त्याचा धूर मांसावर बसवायचा आणि तो पोटात घालायचा, डोळ्यांत आणि छातीत घ्यायचा? कारखान्यात टरफलं बॉयलरखाली जातात, तिथला धूर धुराड्यानं वर निघून जातो. इथं तो आपल्या ताटात येतो.

नीलगिरीही नको, तिचा तेलकट उग्र वास चढतो. कण्हेर विषारी, तिची काडीसुद्धा नको. प्लायवूड, रंगवलेली फळी, खोक्यांची लाकडं ही नकोतच. बिब्ब्याचं लाकूड म्हणजे काजूचीच गोष्ट.

तुमच्याकडं पेरू आहे, मग दुसरं शोधायचं कशाला? पेरूचा धूर मऊ असतो, कोंबडीला आणि माशाला छान लागतो. मटणाला आंबा किंवा जांभूळ. लाकूड सहा महिने तरी सावलीत वाळलेलं हवं. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा, वाळलेलं खणखणतं, ओलं बद्द वाजतं. मुठीएवढे दोन-तीन तुकडे निखाऱ्यांच्या कडेला ठेवा, बस्स. भिजवू नका. पाणी आत फारसं मुरत नाही, वरचं पाणी उडेपर्यंत नुसती वाफ आणि पांढरा धूर येत राहतो. पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर असेपर्यंत मांस लावायचंच नाही. तो विरळ होतो, उन्हात धरून पाहिला तर निळसर दिसतो आणि कधीकधी दिसतही नाही, नुसता वास येतो. तेव्हा जाळीवर मांस ठेवा.

कोळशाचं विचारलं नाहीत, पण सांगतो. आपल्या भागात वेड्या बाभळीचा कोळसा मिळतो, कन्नड माणसं त्या झाडाला बळ्ळारी जाली म्हणतात. कन्नड दुकानात कोळसा मागायचा तर ‘इद्दिलु’ म्हणा. ही वेडी बाभूळ मूळची अमेरिकेकडची, आणि टेक्सासमध्ये ज्या मेस्कीटच्या विस्तवावर मांस भाजतात तिची ती सख्खी चुलत बहीण. शेतातून उपटून टाकण्यासाठी आपण जिच्याशी झगडतो, तिचा निखारा इतका कडक आणि टिकाऊ, हे मला फार मोलाचं वाटतं. खानापूरच्या वाचकांना मात्र हात जोडून विनंती, भीमगड अभयारण्याच्या बाजूला जाऊन लाकूड गोळा करू नका. आंब्याची मोडलेली फांदी कुणाच्याही परसात मिळते.

थर्मामीटर उकळत्या पाण्यात घालून तपासा असं तुम्ही लिहिलं होतं. माझा ९७ आणि ९८ च्या मध्ये थांबतो, १०० दाखवतच नाही. दुकानदार बदलून देत नाही. (टिळकवाडी, बेळगाव)

बदलू नका, तुमचा थर्मामीटर खरा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथं पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. कारवारला जाऊन तपासलात तर १०० दाखवेल. बर्फाच्या पाण्यात शून्याजवळ येतो का, तेवढं एकदा बघा. झाकणावरच्या गोल काट्यावर मात्र फार विसंबू नका. तो घुमटाची आच सांगतो, मांस असतं जाळीवर. माझ्या पहिल्या स्मोकरचा काटा जाळीपेक्षा २५ अंश जास्त दाखवायचा, आणि ते कळेपर्यंत मी तीन रविवार अर्धंकच्चं मटण परत कुकरला लावलं.

बोकडाच्या फऱ्याचा दीड किलोचा अख्खा तुकडा लावला. तीन तासांत आतली आच ६८ झाली आणि तिथंच अडकली, तासभर हलेना. कंटाळून काढला, तर वादी चघळल्यासारखा. गावच्या यात्रेला पुण्याचे पाहुणे येणार आहेत, त्यांना हेच खायला घालायचं मनात होतं. (चिकोडी)

तुम्ही ऐन वेळी माघार घेतलीत, एवढंच झालं. ६५ ते ७५ च्या दरम्यान काटा अडकतो, तो प्रत्येकाचा अडकतो. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन वाफ होत असतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार होतं, तेच कारण. खालून विस्तव उष्णता देतोय, वरून घाम ती नेतोय, काटा जागच्या जागी. ओलावा कमी झाला की तो पुन्हा चालू लागतो.

फरा म्हणजे पुढचा खांदा, जनावराचा राबणारा भाग. त्यात शिरा आणि पडदे भरपूर. ते चिवट पडदे ७० च्या पुढं हळूहळू विरघळायला लागतात आणि त्यांचं जिलेटीन होतं, म्हणजे पायाच्या रश्श्यात बोटांना चिकटतं ते. त्याला आचही हवी आणि वेळही. तुम्ही नेमका तो वेळ दिला नाहीत.

आपलं बोकड अंगानं लहान, चरबी कमी, त्यामुळे शेवटपर्यंत उघडं ठेवलं तर सुकतं. म्हणून मी असं करतो. १२० वर तीन तास उघडं, धूर खाऊ द्यायचा. तोवर वरचा रंग गडद तांबूस होतो आणि नखानं खरवडलं तरी मसाला निघत नाही. मग विस्तवावर फिरवून मऊ केलेलं केळीचं पान, त्यावर फरा, चार चमचे आळणी पाणी (मटण शिजवलेलं, बिनतिखटाचं), पान मिटून बाहेरून फॉईलची घट्ट घडी. पुन्हा जाळीवर. आता घाम उडून जात नाही, काटा चढतो. आत ९२ ते ९५ झाले की सुई खुपसून बघा. काट्यापेक्षा इथं हात जास्त खरं सांगतो, सुई कुठंही न अडता आरपार गेली पाहिजे. मग बाहेर काढून, तसाच गुंडाळलेला, जाड टॉवेलात अर्धा तास. घडी उघडल्यावर खांद्याचं चपटं हाड दोन बोटांत धरून ओढा, ते स्वच्छ, कोरडं बाहेर येतं. पहिल्यांदा ते हाड तसं हातात आलं तेव्हा माझी आई शेजारी बसली होती. तिनं हाड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, चुलीवर रात्रभर ठेवलेल्या पायांची आठवण झाली.

एकूण साडेपाच-सहा तास धरा. चौथ्या तासाला बाजूच्या दारातून पंधरा-वीस तुकडे कोळसा आणि पातेल्यात उकळतं पाणी घाला, गार पाणी घातलंत तर आच खाली येते. यात्रेबद्दल मोकळेपणानं सांगतो. लक्ष्मीच्या यात्रेला दारात पन्नास-साठ पानं उठतात, आणि छोट्या स्मोकरवर एका वेळी तीन-चार किलोच्या वर मटण नीट होत नाही. पाहुण्यांना हंडीतलंच मटण आणि भाकरी घाला. हा फरा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, घरचे आठ-दहा जण उरतात तेव्हा लावा.

बाजारातला स्मोकर महाग. उद्यमबागेत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जीआय पत्र्याचा बनवून घेतला तर? (वडगाव, बेळगाव)

बनवून जरूर घ्या, पण जीआय नको. त्यावर जस्ताचा थर असतो, कोळशाजवळ तो तापून त्याची वाफ होते. जस्ताच्या धुरानं ताप भरतो, थंडी वाजते, हे वेल्डिंग करणारा कुठलाही माणूस तुम्हाला सांगेल. मी ते अंगावर काढलंय. साधा एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलचा पत्रा, १६ गेज. आतून रंग नाही. जाळ्या स्टेनलेसच्या. झाकण आणि नळकांड्याची बैठक घट्ट हवी, फटीतून वारा शिरला की झडपा नावालाच राहतात. पहिल्यांदा आतून गोडं तेल पुसून दोन-तीन तास रिकामाच जाळा. ऑइलचं जुनं बॅरल कापून करणार असाल तर ते आधी उघड्यावर पेटवून आतला रंग आणि तेल पूर्ण जाळून टाका. बॅरलला झाकण, बूच असताना कटर लावू नका, आतल्या वाफेचा स्फोट होतो.

आमच्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही. पडवीत ताडपत्री बांधून स्मोकर चालवला तर चालेल ना? (लोंढा)

नाही. तिन्ही बाजू बंद असलेल्या पडवीत, गॅरेजमध्ये, खिडकी उघडी ठेवून स्वयंपाकघरात, कुठंही नाही.

दोन पावसाळ्यांमागं जांबोटीकडच्या एका नातेवाइकांच्या घरी मी स्वतः होतो. जुलैतला पाऊस, आडवा. आम्ही पडवीला ताडपत्री बांधली आणि स्मोकर आत ओढला. धूर जाणवत नव्हता, कोळसा छान पेटलेला, म्हणून मुलं उबेला शेजारीच पत्ते खेळत बसली. तासाभरानं भाचा म्हणाला, मामा, डोकं जड झालंय. मला वाटलं भूक लागली असेल. मग तो उठायला गेला आणि भिंत धरून खाली बसला, ओकला. तेव्हा मला भट्टीवरची शिकवण आठवली, आणि ताडपत्री सोडायलाही न थांबता मी त्याला उचलून अंगणात पावसात नेलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, रात्रीपर्यंत सावरला. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि सहज सोडत नाही. ३१ वर्षं ज्या वायूची भीती बाळगून मी काम केलं, तो घरच्या पडवीत मला ओळखू आला नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. डोकं दुखणं, मळमळ, पाय लटपटणं यांतलं काहीही झालं तर आधी उघड्यावर या, मग दवाखाना.

पावसात करायचंच असेल तर चार खांबांवर उंच पत्रा, चारही बाजू मोकळ्या, घराच्या दारा-खिडक्यांपासून लांब. ओल्या हवेत कोळसा थोडा जास्त लागतो. काम झालं की वरच्या-खालच्या सगळ्या झडपा मिटा, विस्तव विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. पण विझला असं वाटलं तरी तो स्मोकर त्या रात्री घरात घेऊ नका. राख दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या डब्यात काढा, प्लास्टिकच्या बादलीत नाही. आणि तळात ओली राख राहू देऊ नका, एका पावसाळ्यात पत्रा खाते.

आम्ही माळकरी. मुलगा स्मोकर आणतो म्हणतो. आमच्या घरात त्याचा काय उपयोग? (बेळगाव तालुका)

वहिनी, तुमच्या पत्त्यावरून दिसतंय, तुमच्याच शिवारात रताळी पिकतात. जाड, लांबट रताळी घ्या, धुऊन कोरडी करा. सोलू नका, चिरू नका, टोचू नका. १२५ च्या आसपास, आंब्याच्या लाकडाचा एकच तुकडा घालून, दोन-सव्वादोन तास ठेवा. साधारण ६० ते ७५ अंशांत रताळ्यातल्या पिठाची साखर होत असते. कुकरमध्ये ते टप्पे झरकन निघून जातात, इथं रताळं त्यांतून सावकाश जातं, म्हणून उकडलेल्यापेक्षा हे कितीतरी गोड लागतं. वरच्या जाळीवर एखादं भरताचं वांगंही ठेवता येईल, ते तासाभरात होतं. पण उपासाच्या दिवशी वांगं ठेवू नका, आणि मुलाचे मित्र त्यात मांस लावणार असतील तर तुमच्या जाळ्या वेगळ्या करून घ्या. रताळ्याच्या टोकातून मधासारखा तपकिरी थेंब बाहेर आला आणि साल बोटानं दाबल्यावर आत गेली की काढा. एकादशीला मधोमध फोडून वर साजूक तूप घाला.